आम्ही ज्यांना डोळ्यांचे डॉक्टर म्हणत होतो

सुमनवहिनीचे नाव मी आधी लिहितो, कारण माझे जे काही बरे झाले ते तिच्यामुळे झाले. ती माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन ती आमच्या घरात आली तेव्हा मी तिसरीत होतो आणि आई नुकतीच गेली होती. चड्डी सावरत फिरणाऱ्या मला ती पहिल्या दिवसापासून 'भावजी, तुम्ही' म्हणायची आणि मी तिला 'वहिनी, तू'. ते अजून तसेच आहे. तिने मला बी.कॉम.पर्यंत शिकवले. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर.

पुण्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिची तपासणी संपवली, खुर्ची मागे सरकवली आणि दिवा लावला. मी वहिनीच्या शेजारी उभा होतो.

"सुमनताई, हा ग्लॉकोमा आहे. आपल्याकडे काचबिंदू म्हणतात. डोळ्यातला दाब वाढतो आणि डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी जी नस असते, ती त्या दाबाने वाळत जाते. उजवीकडची जवळजवळ संपली आहे. डावीकडचीही बरीच गेली आहे."

वहिनी पदराने डोळे टिपत होती. ती रडत नव्हती, तपासणीच्या थेंबांमुळे पाणी येत होते. तिने विचारले, "मंग नंबर किती आला?"

"नंबराचा प्रश्न नाही हा. याला चष्मा चालत नाही."

"औषधानं परत येईल?"

"गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली वाचवायची. आता जे करायचं ते तेवढ्यासाठीच."

वहिनीने मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भावजी, तुमची सुट्टी वाया गेली की हो."

मी पुण्यात एका कंपनीत हिशेबाचे काम करतो. कात्रजला दोन खोल्यांत बायको आणि मुलीसह राहतो. शिकलेला आहे. तरीही त्या दिवसापर्यंत मला हे नीट माहीत नव्हते, की चष्म्याच्या दुकानात नंबर काढणारा माणूस आणि डोळ्यांचा डॉक्टर ही दोन वेगळी माणसे असतात. आमच्यासारखी घरे पुष्कळ असतील. त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

आमचे गाव करमाळ्याच्या पुढे आहे. दादाची पिठाची गिरणी आणि तिला लागून वहिनीचे मिरची कांडपाचे यंत्र. उन्हाळ्यात गावातल्या बायका वर्षाचे तिखट करायला रांग लावतात. भाजलेली मिरची, धने, खोबरे, दगडफूल. वहिनी तोंडाला फडके बांधून दिवसभर त्या खोलीत असायची. मी पुण्यात शिकायला आलो तेव्हा माझ्या कपड्यांनासुद्धा तो वास होता. सदाशिव पेठेतल्या खोलीवर मी ट्रंक उघडली की शेजारचा मुलगा शिंकायचा आणि म्हणायचा, "अरे, तू कपडे आणलेस की मसाला?" माझी फी त्याच मसाल्यातून यायची.

तिचे डोळे लाल व्हायचे, खाजायचे. फार वर्षांपूर्वी तालुक्याला डोळ्यांचे शिबिर झाले. तिथल्या डॉक्टरांनी थेंब लिहून दिले आणि आठवडाभर घालायला सांगितले. घातल्याबरोबर आग थांबली. आठवडा संपला, बाटली संपली. पुढच्या हंगामात डोळे पुन्हा लाल झाले तेव्हा ती रिकामी बाटली घेऊन औषधाच्या दुकानात गेली. दुकानदाराने बाटली पाहिली आणि तशीच नवी दिली.

आमच्याकडे औषध आणायची हीच रीत आहे. पाकीट किंवा बाटली जपून ठेवायची आणि दाखवून दुसरी आणायची. चिठ्ठी हरवते, बाटली हरवत नाही. ती बाटली आमच्या घरात देवघराच्या कोनाड्यात असायची. वहिनीच्या कमरेच्या पिशवीत एक वेगळी असायची. दादाचे डोळे चुरचुरले तर तो घालायचा, गिऱ्हाईक बाईच्या डोळ्यात तिखट गेले तर तिच्याही डोळ्यात दोन थेंब. सगळे त्याला 'डोळ्याचं औषध' म्हणत. त्याला दुसरे नाव असेल असे कुणाच्या मनात आले नाही.

पहिली लक्षणे कुणाला लक्षणे वाटली नाहीत. वहिनी दाराच्या चौकटीला खांदा घासायला लागली. चहा ओतताना धार कपाच्या बाहेर जायची. अंगणात शेजारचे पोर बाजूने पळत आले की ती दचकायची आणि म्हणायची, "आवाज तरी करत जा रं." आम्ही हसायचो. दादा म्हणायचा, "हिला आता घंटा वाजवूनच बोलवायला पाहिजे."

मग ती चष्मा बदलायची. बाजारपेठेत एक चष्म्याचे दुकान आहे. तिथले गृहस्थ पांढरा कोट घालतात, भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे. सगळा तालुका त्यांना डोळ्यांचे डॉक्टर म्हणतो. त्यांनी स्वतःला कधी डॉक्टर म्हणवून घेतले नाही, हेही खरे सांगितले पाहिजे. उलट एकदा काचा बदलून बदलून ते दमले आणि दादाला म्हणाले, "हिला कुठलीच काच बसत नाही. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा."

घरी येऊन दादा आणि वहिनीने विचार केला. डॉक्टरांनीच डॉक्टरांना दाखवा म्हटले, म्हणजे मोठ्या डॉक्टरांकडे जायचे असणार. आणि ते बस स्टँडसमोरच्या दुसऱ्या दुकानात गेले. तिथे 'संगणकाद्वारे नेत्रतपासणी' अशी पाटी होती आणि आत हनुवटी ठेवायचे यंत्र होते. यंत्रातून कागद निघाला. कागदावरच्या नंबराचा नवा, भारीतला चष्मा झाला. मला फोनवर सांगताना वहिनी खूश होती. "मोठ्या डॉक्टरला दाखिवलं बरं का भावजी. कम्प्युटरवाला." मीही म्हणालो, बरे केलेस.

त्यानंतर ती माझ्या मुलीच्या वाढदिवसाला पुण्याला आली. स्वारगेटला मी तिला उतरवून घ्यायला गेलो होतो. तिच्या उजव्या हाताला, दोन पावलांवर उभा राहून मी हाक मारली. तिने आवाजाच्या दिशेने सगळे अंग वळवले, तरी मला शोधत राहिली. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

तरीसुद्धा मी तिला चष्म्याच्याच दुकानात नेले. पुण्यातले दुकान, एवढाच फरक. सदाशिव पेठेत मी शिकत असताना येता-जाता पाहिलेले जुने दुकान होते. आत एक तरुण मुलगी तपासणी करत होती. तिने काचा लावून पाहिल्या आणि मग त्या बाजूला ठेवल्या. छोट्या बॅटरीने दोन्ही डोळे पाहिले. मग समोर बसून वहिनीला एक डोळा झाकायला लावला आणि म्हणाली, "काकू, माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. बाजूला किती बोटं आहेत?"

"कुठल्या बाजूला?"

मुलीने हात हळूहळू आत आणला. बोटे त्या मुलीच्या स्वतःच्या गालाशी आली तेव्हा वहिनी म्हणाली, "दोन." दुसऱ्या डोळ्याला तेही दिसले नाही.

"चष्मा करू नका," ती मला म्हणाली. "आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा."

"तुम्ही डॉक्टर न्हाई?" वहिनीने विचारले.

"नाही काकू. मी ऑप्टोमेट्रिस्ट. म्हणजे नजर तपासते, नंबर काढते. डोळ्यात काही वेगळं वाटलं तर पुढे पाठवते. औषध देणं, ऑपरेशन करणं माझं काम नाही. त्याला ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट लागतो, एम.बी.बी.एस. होऊन पुढे डोळ्यांचं शिकलेला."

वहिनीने गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या मालकांकडे बोट केले. "आन हे?"

मालकांनी मान वर न करता उत्तर दिले, "मी ऑप्टिशियन. तिने लिहायचं, मी काच घासून फ्रेमला बसवायची. आम्ही काचा विकतो बाई, डोळे विकत नाही. तिने सांगितलंय ना, मग इथे वेळ घालवू नका."

आम्हाला ते तुसडे वाटले. पण त्यांनीच दुकानातल्या मुलाला बाहेर पाठवून आमच्यासाठी रिक्षा थांबवली.

दवाखान्यात पहिल्याच दिवशी बऱ्याच तपासण्या झाल्या. टोनोमेट्री, म्हणजे डोळ्यातला दाब मोजणे. बधिर करणारा थेंब घालतात आणि निळा प्रकाश डोळ्याजवळ येतो, दुखत नाही. मग बाहुली मोठी करणारे थेंब घालून बाकावर बसवून ठेवतात. त्या बाकावर सगळे डोळे मिटून बसलेले असतात. कुणी कुणाशी फारसे बोलत नाही. वहिनीने पिशवीतून बाकरवडीचे पाकीट काढून शेजारच्या आजोबांच्या हातात चाचपडत ठेवले आणि आजोबांनी चाचपडत घेतले.

सगळ्यात अवघड गेली ती व्हिज्युअल फील्ड टेस्ट. एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून समोरच्या ठिपक्याकडे पाहायचे. आजूबाजूला बारीक दिवे लागतात, दिसला की हातातले बटण दाबायचे. यावरून नजरेचे मैदान किती शिल्लक आहे ते कळते. मी दाराशी उभा होतो. अंधार होता. यंत्राचा बारीक आवाज येत होता आणि बटणाचा आवाज येत नव्हता.

थोड्या वेळाने वहिनी म्हणाली, "ओ दादा, बंद पडलं वाटतं. लाईटच लागंना."

यंत्र चालवणारा तरुण म्हणाला, "चालू आहे मावशी. तुम्ही बघत राहा."

ती बघत राहिली. मी बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो.

डॉक्टरबाईंनी निदान सांगितल्यावर विचारले, "डोळ्यात काही घालता का?" वहिनीने कमरेच्या पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती दिव्याजवळ धरून वाचली.

"हे किती दिवस घालताय?"

"कांडप सुरू झाल्यापासनं."

डॉक्टरबाईंनी मला समजेल असे सांगितले. त्या थेंबांत स्टेरॉइड होते. लाली आणि खाज त्याने चटकन थांबते, म्हणून थोड्या दिवसांसाठी आणि देखरेखीखाली ते देतात. वर्षानुवर्षे घातले तर काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो. त्याने डोळा दुखत नाही, लाल होत नाही. बाजूची नजर आधी जाते, समोरची शेवटपर्यंत राहते, म्हणून माणसाला कळतच नाही. "याच्यामुळेच सगळं झालं असं मी छातीठोक सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण हे आजपासून बंद."

"मंग आग झाली तर?"

"त्याला दुसरं देते. आणि मिरचीच्या खोलीत पुन्हा जायचं नाही."

वहिनीने बाटलीकडे हात नेला, सवयीने. मग हात मागे घेतला.

थेंब बदलले, गोळ्या दिल्या, पण डाव्या डोळ्यातला दाब हवा तितका उतरेना. आम्हाला त्याच दवाखान्यातल्या ग्लॉकोमा स्पेशालिस्टकडे पाठवले. तेही ऑफ्थॅल्मॉलॉजिस्टच, पण काचबिंदूचे पुढचे शिक्षण घेतलेले. त्यांनी ट्रॅबेक्युलेक्टमी सुचवली. म्हणजे डोळ्यातले पाणी बाहेर जायला शस्त्रक्रियेने एक नवी वाट करून देणे, त्यामुळे दाब उतरतो. त्यांनी काही लपवले नाही. "नजर सुधारणार नाही. केलं नाही तर उरलेली हळूहळू जाईल. आणि नस इतकी अशक्त असताना क्वचित ऑपरेशननंतर उरलेली नजर एकदमही जाऊ शकते. घरी बोला आणि ठरवा."

दादा गावाहून आला. कात्रजच्या खोलीत आम्ही तिघे बसलो होतो. दादाला फारसे बोलता येत नाही. तो म्हणाला, "म्हशीच्या डोळ्यात फूल पडलं तवा मी तालुक्याचा डॉक्टर दारात आणला व्हता. म्हशीचा डॉक्टर कोण, ते मला बरोबर ठावं व्हतं."

"म्हैस दूध देत व्हती," वहिनी म्हणाली. तो हसला नाही, म्हणून तीही थांबली. मग म्हणाली, "करून टाकू. थोडं थोडं जाताना बघत बसायचं म्हणजे लई वाईट."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने माझ्या बायकोकडे सुयांचे पाकीट आणि दोऱ्याची रिळे मागितली. खिडकीत बसली. सुई डाव्या डोळ्यासमोर अगदी जवळ धरून ती एकेक सुई ओवत होती. समोरचा तेवढा तुकडा अजून स्वच्छ होता. काळा दोरा, पांढरा, शाळेच्या ड्रेसचा निळा. प्रत्येकीला लांब दोरा सोडून सुया एका फडक्यात ओळीने टोचून ठेवत होती. माझ्या मुलीने विचारले, "काकू, एवढ्या सगळ्या कशाला?"

"असू द्यात ओवलेल्या. उद्या कुणाला दिसलं न दिसलं."

मुलगी तिच्या मांडीशी बसून दोऱ्याची टोके कातरून देऊ लागली. मी स्वयंपाकघरात गेलो आणि उगीच पाणी प्यायलो.

ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा सगळे धूसर होते. डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीला असे होते, वाट पाहा. आम्ही वाट पाहिली. रोज सकाळी दादा तिच्यासमोर उभा राहून विचारायचा, "कोण हाय?" आणि ती नुसत्या आवाजावरून ओळखून म्हणायची, "दाढी करा." एका सकाळी ती म्हणाली, "दाढी केली का?" तेव्हा दादा खरोखरच दाढी करून आला होता. तो तिथेच जमिनीवर बसला.

नजर होती तेवढी राहिली. मुठीतून पाहावे तेवढी. उजवा डोळा गेला तो गेला. दाब सध्या ताब्यात आहे आणि तपासणीला नेहमी यावे लागेल. दादाचाही दाब तपासून घेतला. त्याचा ठीक निघाला. माझाही तपासला. कांडपाचे यंत्र दादाने दुसऱ्याला दिले. वहिनी सांगते, की ते यंत्र टेम्पोत चढवताना तिने पाहिले नाही, नुसते ऐकले.

दवाखान्यात शेवटी आम्हाला लो व्हिजन विभागात पाठवले. उरलेल्या थोड्या नजरेवर जगायला शिकवणारी माणसे तिथे असतात. हा प्रकार असतो हेही मला माहीत नव्हते. तिथल्या बाईंनी वहिनीला मान फिरवत चालायला शिकवले आणि पायरीच्या कडेला पिवळी पट्टी लावायला सांगितले. मग विचारले, "काय करायला मिळालं तर बरं वाटेल?"

वहिनी सातवी शिकलेली. ती म्हणाली, "वाचाया." तिची अडचण अशी होती, की ओळ संपली की पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नसे. बाईंनी एक काळे पुठ्ठ्याचे कार्ड दिले. त्यात एका ओळीएवढी खिडकी कापलेली. ती ओळीवर ठेवायची आणि खाली सरकवत न्यायची. वहिनीने तिथल्या मोठ्या अक्षरांच्या कागदावर ती ठेवली आणि थांबत थांबत चार ओळी वाचल्या. बाहेर आल्यावर म्हणाली, "पयल्यांदा पुण्याला आला तवा तुम्ही पत्र धाडायचा. आता फोनच करता. एक पत्र धाडा. मला वाचाया येतंय तवर."

वाचणाऱ्यांना एवढेच सांगतो. चष्मा विकणारे, नंबर काढणारे, डोळ्याचा आजार बरा करणारे आणि औषध विकणारे, ही सगळी आपल्या जागी उपयोगी माणसे आहेत. पण कुणाकडे काय मागायचे ते आपल्याला माहीत पाहिजे. वारंवार काच बसत नसेल, बाजूचे धक्के लागत असतील, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. पाटी वाचून नाही, विचारून जा. आणि रिकामी बाटली दाखवून भरलेली आणू नका.

सदाशिव पेठेतल्या त्या मुलीचे, दवाखान्यातल्या सर्वांचे आमच्यावर उपकार आहेत. वहिनीचे किती आहेत ते मला सांगता येत नाही. तिला पाठवलेले पत्र खाली देतो. कार्डाच्या खिडकीत बसेल एवढीच प्रत्येक ओळ आहे, जाड काळ्या पेनाने लिहिलेली.

वहिनी,
तू सांगितलंस
म्हणून लिहितोय.
घाई करू नकोस.
कार्ड हळू सरकव.

आम्ही मजेत.
मुलीच्या ड्रेसचं
बटण तुटलं होतं.
तू ओवलेली
निळ्या दोऱ्याची
सुई घेतली.
बाकीच्या सुया
फडक्यात आहेत.
तशाच ठेवल्यात.

माझी जुनी ट्रंक
काल उघडली.
अजून वास येतो.
मुलगी शिंकली.
म्हणाली, बाबा,
हा कसला वास?
मी म्हटलं,
माझ्या शिक्षणाचा.

तुझे डोळे
परत देता आले
असते, तर
पदवी देऊन
टाकली असती.
तू रागावशील
हे माहीत आहे.
तरी लिहिलं.

पुढच्या तपासणीला
स्वारगेटला येईन.
बाजूला नाही,
तुझ्या समोर
उभा राहीन.

पत्र इथे संपलं.
खाली काही नाही.
शोधत बसू नकोस.

तुझा,
भावजी